पाण्याच्या टेबलाचा मानकरी

पहाटे पाचला रस्त्यावर असण्याचा हक्क रत्नागिरीत पूर्वी तिघांनाच होता. मिरकरवाडा बंदराकडे निघालेले मासळीवाले, दूधवाले आणि मुंबईच्या रातराणीतून उतरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालणारे चाकरमानी. अलीकडे यात चौथ्या जमातीची भर पडली आहे. अंगात पोपटी बनियन, दंडाला मोबाइल, कमरेला छोट्या बाटल्यांचा पट्टा, कपाळाला घाम अडवणारी फडकी, आणि चेहऱ्यावर आपण समाजासाठी काहीतरी सोसतो आहोत असा भाव. याला आपण भाऊ म्हणू. खरं नाव काहीही असो, मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत आळीगणिक एक भाऊ आहे. तो बँकेत असतो, नाहीतर शाळेत, नाहीतर स्वतःचं दुकान असतं. वय पन्नाशीच्या अलीकडे किंवा पलीकडे. कुठल्या बाजूला ते तो सांगत नाही, वयोगट सांगतो.

डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे’ असं सांगितल्यावर भाऊ चालायला लागला. चालताना एक दिवस शेजारच्या कॉलनीतले जोशी त्याच्या बाजूने पळत पुढे गेले. साखर त्याने सहन केली असती, जोशी त्याला सहन झाले नाहीत.

भाऊ धावतो असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. भाऊ धावण्यात आहे. काही माणसं जशी आयुष्यभर राजकारणात असतात, एकदाही निवडून येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय सभा सुरू होत नाही, तसा. अर्ध्या मॅरेथॉनला तो अडीच तासांच्या वर किती वेळ घेतो हा विषय त्याच्या घरी काढत नाहीत. मात्र बुटाचा सोल किती किलोमीटरनंतर बदलावा, धावण्याच्या आदल्या रात्री घावने खावेत की भात, केळं सालीसकट द्यावं की सोलून, यावर गावात अंतिम शब्द त्याचा.

नवे व्यायाम भाऊकडे साथीच्या रोगासारखे येतात म्हणावं, तर साथ निदान पावसाळ्यात येते. हे बारमाही. मध्यंतरी फार्टलेक आला. गोस्ता होल्मर नावाच्या स्वीडिश प्रशिक्षकाने १९३०च्या दशकात काढलेली ही पद्धत: मन मानेल तेव्हा जोरात पळायचं, मन मानेल तेव्हा हळू. त्या खांबापर्यंत सुसाट, पुढच्या खांबापर्यंत रमतगमत. भाऊने ती आठवडा बाजारच्या रस्त्यावर करून पाहिली. खांब त्याने निवडले, वेग कुत्र्यांनी ठरवला. बंदरावरून टोपली घेऊन येणाऱ्या एका मावशीने पाटी उतरवून विचारलंच, “काय वो भाऊ, घरात भांडान झाला काय?”

मग झोन टू. म्हणजे हृदयाचे ठोके एका मर्यादेत ठेवून सावकाश धावायचं. पाया त्यानेच पक्का होतो, असं जगभरचे प्रशिक्षक सांगतात आणि ते खरंही आहे. पण रत्नागिरीत सपाट रस्ता असा नाहीच. माळनाक्याच्या चढाला लागलं की भाऊच्या मनगटावरचं घड्याळ कोकलायला लागे. मग तो चाले. तरी कोकले. मग थांबे. अशा एका थांब्यात, हातात भाजीच्या दोन पिशव्या घेतलेल्या आमच्या आळीतल्या आजी त्याला ओलांडून वर गेल्या आणि वर पोचल्यावर मागे वळून म्हणाल्या, “ये रे बाळा सावकाश.”

तबाताचं प्रकरण घरातच झालं. इझुमी तबाता या जपानी शास्त्रज्ञाने १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग: वीस सेकंद जीव खाऊन कष्ट, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. सगळा खेळ चार मिनिटांचा. तबातांनी तो तरुण खेळाडूंवर, सायकलवर केला होता. भाऊने माडीवर उड्या मारून केला. खाली वहिनी पोहे परतत होत्या. चौथ्या फेरीला छताच्या गिलाव्याचा पोपडा कढईत पडला.

“अहो, चार मिनिटांचा व्यायाम अंगणात नाही का होत?”

“अंगणात लोक बघतात.”

“आणि पोपटी बनियन घालून सगळ्या गावातून पळता ते?”

याला उत्तर नव्हतं. तबाता त्या दिवशी संपला. अनवाणी धावण्याचं खूळही भाट्याच्या ओल्या वाळूत चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी परतताना चपला विसरल्या आणि जांभ्याच्या खडीवरून घरी यावं लागलं. जांभ्याला धार असते हे चिरेखाणीच्या या जिल्ह्यात जन्माला आलेल्या माणसाला स्वतःच्या तळपायाने शोधून काढावं लागलं.

एका बाबतीत मात्र त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. आमच्याकडे धावणं हे पुण्या-नाशिकात धावण्यासारखं नाही. घाम येतो, पण वाळत नाही. हवेतच इतकी ओल की त्याला जायला जागा नसते. घाम उडाला तरच अंग गार होतं. तो नुसता निथळत राहिला की आतली भट्टी तशीच धगधगते आणि पाचव्या किलोमीटरला माणूस दहाव्याचा दिसतो. पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ, एप्रिल-मेमध्ये आंबा. आंब्याच्या दिवसांत घरात पेट्या असताना पहाटे उठून पळणारा माणूस निश्चयाचा, हे शत्रूही मान्य करेल.

या माणसाला त्याचं खरं काम सापडलं ते पोटरी धरल्यामुळे. २०२४ पासून कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली आणि रत्नागिरीला जानेवारीत एक नवा सण मिळाला. त्यानंतर आसपास लहानमोठ्या शर्यतींचं पीकच आलं. अशाच एका शर्यतीच्या आधी भाऊची पोटरी धरली. पैसे भरलेले, टी-शर्ट मिळालेला. संयोजक म्हणाले, “भाऊ, पाण्याच्या टेबलावर उभे राहाल का?” भाऊ उभा राहिला, आणि माझ्या मते तेव्हापासून खाली बसलेला नाही.

आता यात नवल नाही. धावायला लागण्याआधी भाऊ काय करत होता ते आठवून बघा. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी विंगेत उभा राहून एन्ट्रीला ढकलणारा हाच. गणपतीत कुठल्या घरी किती वाजता आरती, याचा कागद खिशात बाळगणारा हाच. शिमग्यात भैरीबुवाची पालखी निघाली की खांदेकऱ्यांना “डावीकडे, डावीकडे” ओरडत मागे-पुढे पळणाराही हाच. खांदा द्यायला चार जण लागतात, ओरडायला एक पुरतो. या गावाला असा माणूस पिढ्यान्‌पिढ्या लागत आला आहे. मध्ये काही वर्षं डॉक्टर आणि जोशी यांच्या नादाने तो स्वतः पळू लागला, एवढंच.

पाण्याच्या टेबलावरचा भाऊ बघावा. शर्यत सहाची, तो तीनला हजर. टेबलं रस्त्याला समांतर, एकामागोमाग एक. ग्लास एक तृतीयांशच भरायचा, कारण भरलेला ग्लास पळत्या माणसाच्या पोटात जात नाही, नाकात जातो. ग्लास वरून धरायचा नाही, तळहातावर ठेवून हात लांब करायचा. आधी साधं पाणी, मग मीठ-साखरेचं, त्यापुढे केळ्याचे अर्धे तुकडे, मीठ लावलेली संत्र्याची फोड, आणि पन्नास पावलांवर कचऱ्याचे डबे. कारण माणूस ग्लास रिकामा होईतो धावतो आणि झाला की जिथे असेल तिथे टाकतो. सगळे जण पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, म्हणून एकाने फक्त “पुढे आहे, पुढे भरपूर आहे!” असं ओरडायचं. ते एक कोण, हे सांगायला नको. कॉलेजच्या एनएसएसची मुलं दिमतीला असतात. ती सुरुवातीला भाऊला हसतात. पहिला लोंढा येऊन गेला की हसत नाहीत, भाऊ सांगेल तसे ग्लास धरतात.

अडचण एकच. भाऊ वाचतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या धावकांच्या रक्ततपासणीत तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम घसरलेलं निघालं. पाणी कमी पडून नव्हे, जास्त पिऊन. विशेषतः सावकाश धावणाऱ्यांना हा धोका मोठा, कारण त्यांना प्यायला वेळ फार मिळतो. ही माहिती भाऊला मिळाल्यापासून त्याच्या टेबलावर पाणी मिळणं अवघड झालं आहे. धापा टाकत कोणी हात पुढे केला की भाऊ ग्लास मागे घेतो. “आतापर्यंत किती झालं?” तो बिचारा किलोमीटर सांगतो. “ते नाही हो, पाणी किती झालं?” मागे रांग लागते. मुंबईहून आलेला एक जण तर म्हणाला, “काका, द्या ना, पैसे भरलेत.” भाऊने दिला, पण तो वळणाआड जाईपर्यंत मागून सोडियम, सोडियम असा गजर चालू होता.

दुसरा धडा त्याने इतिहासातून घेतला आहे. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरच का? तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपावी म्हणून ती तेवढी भरली. पुढे तीच कायम झाली. भाऊ आजवर एकवीसच्या पलीकडे गेलेला नाही, पण वरच्या त्या १९५ मीटरांचा त्याला जिव्हाळ्याचा राग आहे. शिवाय तारखा त्याला पाठ. “बावीस जुलैला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा, चोवीस जुलैला ही मॅरेथॉन. एका आठवड्यात इंग्रजांनी दोन अन्याय केले.” थिबा राजाला मंडालेहून इथे आणला, टिळकांना इथले म्हणून मंडालेला नेलं, आणि जाता जाता धावणाऱ्यांच्या डोक्यावर १९५ मीटर ठेवले, असा त्याचा एकूण हिशेब आहे. टिळक आळीत उभं राहून ऐकलं तर पटतोसुद्धा.

त्याच शर्यतीत डोरांडो पिएत्री नावाचा इटालियन पहिला स्टेडियमात शिरला, तो उलट्या दिशेने. वळवला तर कोसळला. उठला, पुन्हा कोसळला. शेवटी अधिकाऱ्यांना राहवलं नाही, त्यांनी हाताला धरून त्याला रेषेपार नेला. अमेरिकनांनी तक्रार केली, पिएत्री बाद झाला आणि सुवर्णपदक जॉनी हेजला गेलं. राणीने दुसऱ्या दिवशी पिएत्रीला चषक दिला, पण तो राणीचा. “मदत करणाऱ्यांनी घात केला,” हे सांगताना भाऊचा आवाज अजून कापरा होतो. म्हणून त्याच्या टेबलावरचा नियम: पळणाऱ्याला हात लावायचा नाही.

भाट्याच्या सुरूबनाजवळ एक पोरगा पायात गोळा येऊन खाली बसला. भाऊ दोन हात अंतरावर उभा राहून तोंडी सूचना देऊ लागला: टाच पुढे, चवडा आपल्याकडे, श्वास सोडा. पोरगा नुसता ‘आई गं’ करत होता. एनएसएसच्या एका मुलीने ग्लास बाजूला ठेवला, त्याचा पाय धरला, चवडा दाबला, मिनिटभरात त्याला उभा केला आणि पाठीवर थाप मारून पळवला.

“काका, तुम्ही का नाही धरलात?”

“डोरांडो,” भाऊ म्हणाला.

“ते आपल्या ग्रुपमध्ये आहेत?”

त्यानंतर काही महिने भाऊने नियमाला पोटनियम जोडण्यात घालवले. आता हौशी धावकाला गुडघ्याखाली हात लावायला परवानगी आहे.

शर्यत संपल्यावर आठवड्याने आढावा बैठक होते. बाकीचे वड्यासाठी येतात, भाऊ कागद घेऊन येतो. शंकू पुरेसे नव्हते, पिना बोथट होत्या, पावसची पहिली एसटी सोडायला पाच मिनिटं उशीर झाला आणि कंडक्टर जे बोलला ते इथे लिहिता येत नाही, असं सगळं त्यात असतं. पण सगळ्यात मोठा वाद कोकम सरबताचा. भाऊचं म्हणणं, कोकणात शर्यत घ्यायची आणि परगावच्या पाकिटातली निळी पावडर पाजायची हे लाजिरवाणं आहे. आगळात मीठ असतंच, साखर घातली की झालं. धावणाऱ्याला आणखी काय लागतं? डॉक्टर म्हणाले, आंबट रिकाम्या पोटात ढवळतं, आणि प्रमाण कोण मोजणार? कपड्यांचे दुकानदार म्हणाले, पांढऱ्या टी-शर्टवर कोकम पडलं की डाग जन्माचा, पुढच्या वर्षी टी-शर्टला पोपटी रंग घ्या. जोशींनी विचारलं, सोलकढी का नको? त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

रात्रीचे साडेदहा वाजले. वडे संपले. मतदान घ्यावं असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा भाऊ म्हणाला की पाण्याच्या टेबलाचा प्रश्न मतांवर सोडायचा नसतो. शेवटी दोन्ही ठेवायचं ठरलं: पावडर पहिल्या टेबलावर, कोकम दुसऱ्या टेबलावर, आणि दोहोंच्या मध्ये भाऊ.