माळा रिकामा करण्याची शास्त्रोक्त पद्धत

मराठी गृहस्थ वस्तू टाकत नाही. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून तो ती माळ्यावर चढवतो, दर दिवाळीला खाली उतरवतो, फडक्याने पुसतो आणि पुन्हा वर ठेवतो. या येरझाऱ्यांतून वस्तूची आणि गृहस्थाची एकदमच सुटका व्हावी, एवढ्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

पूर्वतयारी म्हणून आजींना दोन दिवस आत्याकडे पाठवावे. त्यांच्यादेखत माळा उतरवू नये. डबा हरवलेल्या झाकणालाही त्यांच्या लेखी इतिहास असतो आणि तो ऐकता ऐकता झाकण पुन्हा वर जाते. दुसरे म्हणजे ‘मावशींना देऊन टाकू’ हे वाक्य बोलायचे नाही. जळका मिक्सर मावशी भिडेखातर उचलतात आणि वाटेतल्या भंगारवाल्याकडे उतरवतात. म्हणजे दान तुमचे आणि हमाली त्यांची. आपल्या घरात ज्याला कोणी हात लावत नाही ते गरिबाघरी सुखाने नांदेल, हा समज सगळ्यात आधी भंगारात घालावा. त्याला किलोमागे भाव येत नाही, पण जागा बरीच मोकळी होते.

कपड्यांचा प्रश्न बोहारणीने केव्हाच सोडवून ठेवला आहे. तिच्यासमोर बसताना चेहरा निर्विकार असावा. ती साडी उजेडासमोर धरते, पदर दोन्ही हातांनी ताणून बघते, पँट उलटी करून बैठकीवर अंगठा फिरवते आणि ‘ताई, हे विरलंय’ म्हणत बाजूला सारते. तिने विरलेय म्हटले म्हणजे विरलेले असते, तिथे वाद घालू नये. वाद कढईच्या आकारावर घालावा. सौदा ठरला की ती ‘वर एक शर्ट घाला’ म्हणणारच, तो आधीच दाराआड काढून ठेवावा. खऱ्या जरीची जुनी साडी मात्र तिच्या नजरेस पडू देऊ नये. त्या जरीत चांदी असते आणि जुनी जर घेणारे व्यापारी ती वजनावर घेतात. बोहारणीने नाकारलेल्या सुती साड्यांची गोधडी करावी. ती शिवणारे कोणी उरले नसेल तर ‘गूंज’सारखी संस्था आहे. १९९९ पासून काम करणारी ही संस्था सुती कापड धुऊन, कापून त्याचे सॅनिटरी पॅडही करते. कपडे धुऊन द्यावेत हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कपाटावर गुंडाळी करून ठेवलेले एक्स-रे ‘ग्रहण बघायला होतील’ म्हणून जपलेले असतात. ते ग्रहणाला वापरू नयेत. त्यांतून घातक किरण नीट अडत नाहीत आणि दृष्टिपटल भाजते. या फिल्मवर चांदी असते आणि ती परत काढता येते, म्हणून भंगारवाल्यापाशी त्यांची वेगळी चौकशी करावी. गुडघ्याला आणि छातीला भाव एकच मिळतो.

ज्या घरात सत्कारमूर्ती आहे, तिथला पेच मोठा असतो. नारळाची त्याच आठवड्यात चटणी होते, शाली आणि सन्मानचिन्हे उरतात. सत्काराची शाल ऊब देण्यासाठी विणलेलीच नसते. दोन शाली एकावर एक शिवाव्यात आणि मगच थंडीत एसटी स्टँडवर झोपणाऱ्यांना द्याव्यात. सन्मानचिन्हात लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक एकमेकांना असे चिकटवलेले असते की भंगारवालाही हात जोडतो. त्यावरची नावाची पट्टी काढून ते गल्लीतल्या मंडळाला कॅरम स्पर्धेसाठी द्यावे. दुसऱ्या पट्टीखाली ते आणखी दहा वर्षे गौरव करत राहील.

आपला पाटा-वरवंटा संग्रहालयात शोभेल असे पुष्कळांना वाटते. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असे घरगुती सामान जमवायला घेतले आणि १९६२ मध्ये तो संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या थोड्याच मांडलेल्या आहेत. म्हणजे माळा तिथेही आहेच. तेव्हा पाट्याला टाकी लावून घ्यावी आणि ‘पाट्यावरचे वाटण’ अशी पाटी लावणाऱ्या खानावळीला तो द्यावा. निदान पाटी तरी खरी होईल.

चार्जर, वायरी आणि मेलेले मोबाइल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. तांब्यासाठी वायरी जाळतात, तो धूर शेवटी आपल्याच नाकात येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुणेकरांनी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला विचारावे.

देवांच्या तसबिरी पिंपळाखाली नेऊन ठेवणे हे विसर्जन नव्हे, नुसता पत्ता बदलणे आहे. काच फुटते, चौकट कुजते आणि देव पावसात भिजतात. उत्तरपूजा करून अक्षता टाकाव्यात, काच आणि चौकट फ्रेमवाल्याला द्यावी, चित्राचा पाण्यात लगदा करावा. देव रागावत नाहीत. शेजारी रागावतात, म्हणून हे दार लावून करावे.

घरातले माणूस गेल्यावर त्याचा वॉकर, कमोडची खुर्ची आणि हवेची गादी यांना कोणी हात लावत नाही. ती टाकवतही नाहीत आणि बघवतही नाहीत. तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडे कोणाचे तरी खुब्याचे हाड मोडलेले असते. बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. ती अनामत घेऊन असे सामान वापरायला देतात आणि ते परत आले की अनामत परत करतात. देण्याआधी वॉकरच्या पायांची रबरी बुचे तपासावीत. झिजलेली असली तर फरशीवर घसरतात. नवी बसवायला फारसा खर्च येत नाही.

जुने चष्मे लायन्स क्लबवाले गोळा करतात. तिथे भिंगांचा नंबर मोजून ते गरजूंना देतात.

राहिले चष्म्यामागचे डोळे, म्हणजे घरातली सर्वांत जुनी आणि जागा अडवणारी वस्तू, अर्थात खुद्द गृहस्थ. चष्मा असला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले, तरी नेत्रदान करता येते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करावा. त्यांची माणसे येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. फॉर्म भरला नसला तरी नातेवाइकांच्या संमतीने हे होते, आणि भरलेला असूनही कोणी फोन केला नाही तर होत नाही. म्हणून घरच्यांना आजच सांगून ठेवा.