समुद्राची राखण खोपोलीपासून

कर्जत-खालापूरकरांना समुद्राचे काय पडले आहे? आपल्याकडे डोंगर, भातशेती, लोकल आणि फार्महाऊस. समुद्र अलिबाग-मुरुडवाल्यांचा. पण बाजारात पापलेटचा भाव ऐकून सर्वात आधी कुरकुरतो कोण?

आपणच.

2023 मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्य मासा केले. चांगले झाले. पण एकदाही अंडी न घातलेली हाताएवढी पिल्ले जाळ्यात येतात आणि स्वस्त म्हणून हातोहात खपतात. ज्याला मान दिला त्याचा वंशच आपण ताटात वाढून घेतो.

समुद्र राखायचा सरकारी उपाय म्हणजे सागरी अभयारण्य. मालवणला ते 1987 मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम 3. प्रवाळ आले, मासे आले, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी आले. मच्छीमारांचे मन मात्र आले नाही. त्यांचा विरोध पहिल्यापासून आहे. ज्याची होडी रोज त्या पाण्यात जाते, त्याला बाजूला ठेवून राखण करणार कोण?

अशी अभयारण्ये कामाची असतात का? असतात, पण अटी आहेत. 2014 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात जगातल्या 87 संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास आला. मासेमारीला पूर्ण बंदी, कडक अंमलबजावणी, 10 वर्षांहून जास्त वय, 100 चौरस किलोमीटरहून मोठा आकार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने आलेले तुटलेपण, हे पाच गुण त्यात तपासले. ज्यांच्याकडे यांतले एक-दोनच होते, तिथल्या आणि मासेमारी चालणाऱ्या पाण्यातल्या माशांत फरक दिसला नाही.

मालवणकडे वय आहे. आकार नाही.

जिथे अटी पाळल्या तिथे समुद्राने भरभरून दिले. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो गावच्या लोकांनीच पुढाकार घेतला. 1995 मध्ये तिथे सागरी उद्यान झाले आणि मासेमारी थांबली. पुढे 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचे एकूण वजन चौपटीहून अधिक वाढले. राखण केली ती गावाने.

2030 पर्यंत 30 टक्के समुद्र राखायचा, असे 2022 मध्ये जगाचे ठरले. भारताचे सागरी क्षेत्र 20 लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्याचे 30 टक्के म्हणजे जवळपास दोन महाराष्ट्र! नकाशावर एवढे रंगवायला एक दुपार पुरते. राखायला गस्तीच्या बोटी लागतात, माणसे लागतात, डिझेल लागते. त्यांची तरतूद कुठे आहे?

विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचे प्रवाळाचे मोठे पठार आहे. नाव आपल्याच कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांचे. पण वन्यजीव कायद्याचे अभयारण्य किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच करता येते. त्यापलीकडचा अधिकार 1976 च्या कायद्याने केंद्राकडे आहे. कान्होजींनी ज्या समुद्रावर हुकूम चालवला, तिथल्या प्रवाळासाठी आज दिल्लीचे दार ठोठवावे लागते.

समजा, उद्या सगळे जुळून आले. बोटी आल्या, पहारा बसला. बोट अडवता येईल. नदी कोण अडवणार?

पाताळगंगा खोपोलीतून निघते. टाटांच्या 1915 च्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी तिला उन्हाळ्यातही वाहते ठेवते. पुढे रसायनीचे कारखाने, पुढे धरमतरची खाडी. उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत वसईच्या खाडीला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत दोघीही आहेत. देशातले 351 पट्टे त्या यादीत, त्यांतले 53 एकट्या महाराष्ट्रातले. पहिला नंबर आपला.

आणि खाडी म्हणजे काय? कोळंबीची, कितीतरी माशांच्या पिल्लांची वाढायची जागा. तिथेच विष पोचले तर पुढच्या अभयारण्यात राखायला उरणार काय?

याची झळ आधी कोणाला बसते? नदीत मासे धरणाऱ्या खालापूरच्या कातकऱ्याला आणि खाडीत डोल लावणाऱ्या कोळ्याला. टॉवर आणि रिसॉर्ट बांधणाऱ्याला कधीच नाही.

तेव्हा अंगाला समुद्र लागत नाही म्हणून हात झटकू नका. हाताएवढे पापलेट विकत घेऊ नका. आणि नगरपालिकेसाठी, ग्रामपंचायतीसाठी मत मागायला जो कोणी दारात येईल, त्याला एकच विचारा: आपल्या गावचे सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जाते का? उत्तर मिळाल्याशिवाय मत देऊ नका.