माझा एअरब्रश न धुता ठेवणाऱ्या गड्यास

गड्या,

तुझं नाव घेत नाही. परवा रात्री कारखान्यात आपण आठजण होतो आणि एअरब्रशनं निळा मारणारा तू एकटाच होतास. एवढं पुरे.

सकाळी मी गालांच्या शेडिंगला बसलो. अंगाचा रंग आदल्या दिवशीच मारून वाळला होता. गालावर, सोंडेच्या वळणावर, पोटाच्या कडेला हलकी गुलाबी छटा द्यायची, एवढंच राहिलं होतं. कपात रंग ओतला, कागदावर मारून बघितला, साफ आला. मूर्तीकडे वळून ट्रिगर मागे ओढला आणि डाव्या गालावर मोहरीएवढे तीन निळे ठिपके! तुझ्या शेल्याचा निळा. ज्या घरची ती मूर्ती, त्यांनी आपला पाट कधीच आणून दिलाय. मागच्या बाजूला खडूनं आडनाव लिहिलंय. त्या पाटावर हा असला गाल ठेवू?

तुझ्या हातात कला आहे, असं तू चार जणांत सांगतोस. आहेच. शेल्याच्या घडीतली सावली आपल्या पेणमध्ये तुझ्यासारखी फार थोड्यांना जमते. मग त्याच हाताला पाण्याचं वावडं का?

त्या नोझलचं भोक ०.३ मिलिमीटरचं आहे. सुई त्यात घट्ट बसलेली असते. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई जराशी सरकते आणि त्या फटीतून रंग येतो. अ‍ॅक्रिलिक ओला असेतो पाण्यानं निघतो. वाळला की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, मग पाणी त्याला काही करत नाही. रात्रभर तो सुईच्या टोकाला धरून बसला आणि सकाळी नेमका गालावर सुटला.

रंग बदलताना काय करायचं, हे तुला मी पहिल्याच हंगामात हाताला धरून दाखवलं होतं. उरलेला रंग ओतून काढ. कप जुन्या मऊ ब्रशनं पुसून घे. पाणी घालून फडक्यावर मार. मग नोझलच्या तोंडावर फडकं दाबून थोडीच हवा सोड, म्हणजे ती उलटी कपात येते आणि बुडबुड्यांबरोबर आत दडलेला रंग वर येतो. ते पाणी टाक, नवं घाल. फडक्यावर नितळ पाणी उतरेपर्यंत हेच. दोन मिनिटं लागतात. रात्री काम संपलं की सुई मागून काढून टोकाकडे पुसत न्यायची, जपून, कारण टोक वाकलं की फवारा तिरका जातो. आणि पिवळा, केशरी, लाल, निळा असं फिक्याकडून गडदकडे गेलं तर धुणंही कमी लागतं. सोनेरी शेवटी, त्याची चमकी आत फार चिकटते.

ठिपक्यांचं मी सोसलं असतं. पण रंग अडकल्यावर तू नोझलमध्ये टाचणी घातलीस! भिंगाखाली धरून बघितलं, तोंडाची कड एका जागी फाटली आहे. रंग बाहेरून रगडून कुणी अशी कड फाडत नाही, आतून खुपसल्याशिवाय ती फाटत नाही. चतुर्थी वीस दिवसांवर आली, साठ मूर्तींचं शेडिंग बाकी आहे आणि सुट्टं नोझल मुंबईहून मागवायचं. मला विचारायचं होतंस. रात्री दोनला उठवलं असतंस तरी आलो असतो. मागच्या खोलीतच तर झोपलो होतो.

गाल काल पॉलिशपेपरनं घासला, अंगाचा रंग पुन्हा दिला. आज तो वाळतोय. फाटलेलं नोझल कागदाच्या पुडीत बांधून तुझ्या खुंटीला लावलंय, ते घेऊन आजच गाडी पकड. त्याच मापाचं आण.