त्रिकोणाची पुण्याई

वेफर्सच्या पाकिटाच्या पाठीवर, पोषणमूल्यांच्या तक्त्याखाली, भिंगाशिवाय सापडणार नाही अशा जागी एक त्रिकोण असतो. एकमेकांच्या मागे लागलेले तीन बाण आणि मध्ये 7 हा आकडा. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988मध्ये हे आकडे आणले, ते वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे हे ओळखता यावं म्हणून. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, 4 म्हणजे दुधाच्या पिशवीसारखं मऊ पॉलिथिन आणि 7 म्हणजे 'इतर', म्हणजे वरच्या सहा पंगतींत ज्यांना पाट मिळाला नाही ते सगळे. पण बाण फिरताना दिसले की पाकीटही फिरून परत येणार असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि कंपन्यांनाही हा समज मोडण्याची घाई नसते. उलट शेजारी एक हिरवं पान छापलं जातं, 'पर्यावरणस्नेही' हे विशेषण चिकटतं आणि दहा रुपयांत मूठभर बटाट्याबरोबर थोडं पुण्यही पदरात पडतं.

या पुण्याचा हिशेब भंगारवाल्याच्या काट्यावर तपासावा, प्रयोगशाळेत जायची गरज नाही. पेटची बाटली, तेलाचा कॅन, धुतलेली दुधाची पिशवी यांना तिथे भाव मिळतो. म्हणून ती कचरावेचक बायकांच्या पोत्यात जातात आणि पुढे त्यांचं खरोखर काहीतरी होतं. वेफर्सच्या पाकिटाला भाव नाही. त्यात बाहेरून छपाईचा थर, मध्ये धातूचा चकाकणारा मुलामा आणि आतून सील होणारा थर असे वेगवेगळे पदार्थ एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय ते इतकं हलकं, की किलोभर भरायला शेकड्याने पाकिटं वेचावी लागतात. दिवसभर गटाराच्या कडेने वाकायचं आणि संध्याकाळी काटा हलायचाही नाही, असा धंदा कोण करील? तेव्हा कागदोपत्री पुनर्प्रक्रिया होण्याजोगं पाकीट प्रत्यक्षात नाल्यातच राहतं. आजवर जगात बनलेल्या प्लास्टिकचा 2017मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 2015पर्यंतच्या कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाल्याचं आढळलं. उरलेल्यापैकी काही जाळलं गेलं आणि एकूण कचऱ्यातलं 79 टक्के कचराडेपोत किंवा उघड्यावर पडलं.

सरकारला हे समजत नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. केंद्राच्या 2016च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की पुनर्प्रक्रिया न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावं. दोन वर्षं सरली तेव्हा, मार्च 2018मध्ये, दुरुस्ती झाली. आता बंद करायचं होतं ते पुनर्प्रक्रिया न होणारं, किंवा ज्यातून ऊर्जाही मिळत नाही, किंवा ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही असं प्लास्टिक. प्लास्टिक जळतं, जळलं की उष्णता निघते, म्हणजे सिमेंटच्या भट्टीने मान डोलावली की सगळेच निर्दोष. पाकीट बदलायला दोन वर्षं पुरली नाहीत, वाक्य बदलायला पुरली. पुढे 2022मध्ये उत्पादकांची जबाबदारी ठरवून देणारी नवी व्यवस्था आली: जेवढं प्लास्टिक बाजारात आणाल, तेवढ्याच्या प्रक्रियेची प्रमाणपत्रं दाखवा. लगेच 2023मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या कारखान्यांनी काढलेली सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. प्लास्टिकवर प्रक्रिया होवो न होवो, कागदावर ती चोख झाली.

यावर प्लास्टिकवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. काचेची बाटली जड, तिला वाहून न्यायला डिझेल जास्त. कागदी पिशवीला झाडं आणि पाणी लागतं. कापडी पिशवी तर शेकडो वेळा वापरली तरच परवडते. प्लास्टिकच्या पिशवीशिवाय रोजचं दूध कोल्हापूरहून मुंबईच्या दारात इतक्या स्वस्तात पोचणार नाही, हेही खरं. पण ही सगळी कैफियत प्लास्टिक हलकं आणि स्वस्त असल्याची आहे. वापरून झाल्यावर त्याचं काय होतं, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही, आणि जो हलकेपणा ट्रकमध्ये गुण ठरतो तोच भंगाराच्या काट्यावर पाकिटाचा घात करतो. दुसरा आक्षेप नागरिकांच्या शिस्तीवर असतो: लोक ओला-सुका कचरा वेगळा करत नाहीत, कंपनी काय करणार? करायला हवाच. पण घंटागाडीत कितीही इमानदारीने वेगळं टाकलं, तरी ज्याला गिऱ्हाईक नाही ते वेगळं ठेवून फक्त वेगळा ढीग होतो.

गिऱ्हाईक निर्माण करायचा उपाय, म्हणजे रिकाम्या वस्तूला परतीची किंमत लावणं, सोपा आहे आणि तो परदेशातून शिकायचीही गरज नाही, जरी जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते आणि लोक इमानाने दुकानात बाटल्या परत नेतात. महाराष्ट्राच्या मार्च 2018च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतच दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतीची किंमत छापायची तरतूद होती. राज्यात रोज अशा एक कोटी पिशव्या, म्हणजे 31 टन प्लास्टिक फेकलं जातं, हा आकडा 2019मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनीच विधानसभेत दिला आणि महिन्याभरात ही योजना सुरू होईल असंही सांगितलं. ती खरोखर सुरू झाली असती, तर पन्नास पैसे मिळणार म्हटल्यावर पिशवी अख्खी परत आली असती; आज कात्रीने उडवलेला तिचा नखाएवढा कोपराही कोणाला गोळा करता येत नाही. वेफर्सच्या पाकिटाला तर एवढ्याही तरतुदीचं भाग्य लाभलेलं नाही. तेव्हा कंपन्यांनी पाकिटावर दोनच गोष्टी छापाव्यात: रिकामं पाकीट किती रुपयांना परत घेणार आणि कोणत्या दुकानात. ते जमत नसेल, तर हिरवं पान छापण्याची शाईही वाचवावी.