कंट्रोल-सी आधी कुणाचा?

टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, ब्राउझरमधून उचललेली कमांड तिथे आणायची आणि कंट्रोल-व्ही दाबायचा. काही होत नाही. परत दाबला की टोपीसारखी एक खूण आणि पुढे व्ही हे अक्षर. तेवढ्यात शेजारून आवाज येतो, ‘अरे, साधं पेस्ट करता येत नाही तुला?’

येतं. सगळीकडे येतं, फक्त इथे होत नाही. मग दोष दाबणाऱ्याचा कसा?

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारायची पोरांना लाज वाटते. लाज वाटायला हवी ती हा गुंता वर्षानुवर्षं तसाच ठेवणाऱ्यांना. त्यांना कोण विचारणार?

मुळात कंट्रोल-सी आधी टर्मिनलचा. १९६७ च्या आस्की संकेतात तिसऱ्या क्रमांकाचा अर्थ होता ‘मजकूर संपला’. सी हे इंग्रजीतलं तिसरं अक्षर, म्हणून कंट्रोल धरून सी दाबला की हा तिसरा संकेत जातो. डेक कंपनीच्या यंत्रांवर त्याचा अर्थ झाला ‘चालू काम थांबव’. पुढे युनिक्सच्या घराण्यातही तोच रुळला. तुम्ही एक ओळ कॉपी करायला गेलात आणि तासभर चाललेलं डाउनलोड जागीच मेलं, ते या जुन्या हक्कामुळे.

कॉपी-पेस्ट मागाहून आलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात, लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक लिहिला. आपण आज वापरतो ते कट-कॉपी-पेस्ट तिथे आकाराला आलं. टेसलर नंतर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकावर एक्स, सी, व्ही ही अक्षरं या कामाला लागली. जोडीला कंट्रोल घेतलाच नव्हता. ॲपलनं त्यासाठी वेगळं बटण दिलं होतं.

म्हणून मॅकवर आजही भांडण नाही. कमांड-सी कॉपी करतो, कंट्रोल-सी थांबवतो. दोघं सुखानं नांदतात.

पीसीच्या कीबोर्डवर असं जास्तीचं बटण नव्हतं. विंडोजनं कॉपीचं काम कंट्रोलवरच टाकलं, बाकीच्यांनी तेच उचललं आणि एका बटणाला दोन मालक झाले. भुर्दंड मात्र तुम्हाआम्हाला.

टेसलर २०२० मध्ये गेले. एकच बटण इथे एक करतं आणि तिथे दुसरंच करतं, असं कुठेही असू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’. त्यांच्याच तीन अक्षरांची टर्मिनलमध्ये काय गत झाली आहे, पाहा.

कंट्रोल-सी: प्रोग्रॅम थांबव. कंट्रोल-व्ही: पुढचं बटण जसंच्या तसं छाप. कंट्रोल-एक्स: बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडा वाचणाऱ्या शेलमध्ये, पुढच्या कुठल्या तरी आज्ञेची नुसती सुरुवात. आणि चुकलं म्हणून कंट्रोल-झेड मारला, तर चूक परतत नाही, अख्खा प्रोग्रॅम झोपी जातो. त्याला उठवायला ‘एफजी’ टाइप करायचं असतं. हे नवशिक्याला कुणी सांगितलं होतं?

कुणीच नाही.

तोडगा आहे. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत मध्ये शिफ्ट घ्यायचा: कंट्रोल-शिफ्ट-सी, कंट्रोल-शिफ्ट-व्ही. सवय होते. मग तीच सवय बोटं ब्राउझरमध्ये घेऊन जातात, आणि तिथे कंट्रोल-शिफ्ट-सी दाबला की प्रोग्रॅमरांसाठीची हत्यारपेटी उघडते. एका खिडकीतलं औषध दुसऱ्या खिडकीत बाधतं.

त्यापेक्षा जुनी जोडी बरी. आयबीएमनं १९८७ मध्ये सगळ्या प्रोग्रॅमांसाठी एक नियमावली काढली होती. त्या घराण्यातले कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट आजही पुष्कळ ठिकाणी चालतात, टर्मिनलमध्येही आणि बाहेरही. आता बऱ्याच लॅपटॉपवाल्यांनी इन्सर्टचं बटणच काढून टाकलं, त्याला काय करणार?

विंडोजनं या बाबतीत बरंच शहाणपण दाखवलं आहे, हे मान्य करायला हवं. विंडोज टर्मिनलमध्ये मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी कॉपी करतो, नसेल तर प्रोग्रॅम थांबवतो. बाकीच्यांना हे का सुचू नये? पण त्याच विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत नुसतं माउसनं क्लिक केलं तरी मजकूर ‘निवडला’ जातो, आणि आतला प्रोग्रॅम पडद्यावर पुढचं अक्षर लिहायला गेला की तिथेच अडकतो. लोक म्हणतात, हँग झालं. मशीन बंद करतात. खिडकीच्या मथळ्यात ‘सिलेक्ट’ हा शब्द आलेला असतो आणि एस्केप दाबणं एवढंच काम असतं.

हँगवरून आणखी एक. लिनक्सवर सवयीनं ‘सेव्ह’ म्हणून कंट्रोल-एस दाबला की पडदा गोठतो. टेलिप्रिंटरच्या काळात समोरच्या यंत्राला ‘जरा थांब’ सांगायला ही खूण होती. सुटका कंट्रोल-क्यूमध्ये. टेलिप्रिंटर भंगारात गेले, खूण अजून नोकरीत आहे.

पासवर्डचं वेगळंच. पेस्ट केला, पडद्यावर काही उमटलं नाही, म्हणून पुन्हा पेस्ट केला. झाला पासवर्ड दुप्पट, आणि म्हणे चुकीचा. टर्मिनल बहुतेक ठिकाणी पासवर्ड दाखवतच नाही, साध्या चांदण्यासुद्धा नाही. पहिल्यांदा केलेलं पेस्ट बरोबर झालेलं असतं.

लिनक्सवर क्लिपबोर्ड एक नाही, किमान दोन आहेत. माउसनं नुसतं निवडलं की एकात जातं, ते माउसचं मधलं बटण दाबून उतरवायचं. कॉपी म्हटलं की दुसऱ्यात जातं. एकात भरलं आणि दुसऱ्यातून काढायला गेलं, तर कालचाच मजकूर हाती येणार. एक्स विंडो या १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या पद्धतीची ही देणगी. सवय झालेल्यांना ती इतकी प्रिय आहे की ते बदलू देत नाहीत.

त्यातही मेख आहे. या पद्धतीत कॉपी केलेला मजकूर कुठे साठवून ठेवलेला नसतो, ज्या प्रोग्रॅमातून उचलला त्याच्याकडेच असतो. हे हुंडीसारखं आहे: कागद तुमच्या खिशात, रक्कम पेढीवर. पेढी बंद झाली की कागद फुकट. म्हणून कॉपी केल्यावर मूळ खिडकी बंद केली की पेस्ट करायला काही उरत नाही. क्लिपबोर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम चालू असला, तरच वाचलात.

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून ‘व्हिम’ या मजकूर-संपादकात कॉपी केलं, तर ते सर्व्हरवर राहतं. तुमच्या लॅपटॉपवर का येत नाही, याचं उत्तर एवढंच. आणि एका टर्मिनलचे अनेक कप्पे करणाऱ्या ‘टीमक्स’नं माउस ताब्यात घेतला असेल, तर बहुतेक टर्मिनलांत शिफ्ट धरून निवडा. दोन वाक्यांची गोष्ट, पण ती कळेपर्यंत दुपार जाते.

आता खरा राग. पेस्ट होतं, एंटर मारला जातो आणि कमांड चालत नाही. अक्षर न् अक्षर बरोबर दिसतंय, तरी नाही. का?

कारण कुणीतरी ती कमांड वर्डमध्ये टाइप करून वाटलेली असते. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं. दोन आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ करतं. आयफोनचा कीबोर्डही तेच करतो. डोळ्याला सुबक, टर्मिनलला परकं. प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलची पीडीएफ अशी सजवून वाटायची, आणि मग कमांड चालली नाही म्हणून मुलांना झापायचं?

वाटणाऱ्यानं ती एकदा स्वतः चालवून पाहिली असती तर?

काही जण कमांडच्या आधीचं डॉलरचं चिन्हही छापतात. ते टर्मिनलचं स्वतःचं चिन्ह, कमांडचा भाग नव्हेच. त्यासकट उचललं की ‘डॉलर नावाची कमांड सापडली नाही’. डॉलरऐवजी हॅशचं चिन्ह असेल तर आणखी गंमत: बॅशच्या लेखी ती ओळ म्हणजे नुसती टीप. चूक दाखवत नाही, काम करत नाही, गप्प बसतं. शोधा आता.

विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर जास्तीचं येतं. ती चालवायला गेलात की टर्मिनल समोर असलेली फाइल नाही म्हणून सांगतं. ‘डॉस-टू-युनिक्स’ नावाचं चिमुकलं अवजार ती अक्षरं झाडून टाकतं. वेबपानावरून येणारी न तुटणारी जागा आणि शून्य रुंदीची जागा ही दोन भावंडंही तशीच. दिसत नाहीत, नडतात.

यात मराठीचा वाटा वेगळा. ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावाची फाइल घ्या. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडअक्षर. डोळ्याला फरक शून्य. संगणकाला त्या दोन वेगळ्या फाइली. नाव एका कीबोर्डावर टाइप केलं आणि शोधलं दुसऱ्यावर, तर फाइल समोर असून सापडत नाही. नाव हातानं टाइप करूच नका. पहिलं अक्षर लिहा आणि टॅब दाबा.

शिवाय टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचं घर देतं. रोमन लिपी त्यात बसते. आपल्या मात्रा आणि जोडाक्षरं बऱ्याच टर्मिनलांत फुटतात, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. दिसायला तुटलेलं असलं तरी कॉपी केलेला मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. पण तुटलेलं बघत काम करायचं हे आपल्याच वाट्याला का? टर्मिनल लिहिणाऱ्यांच्या यादीत देवनागरी अजून शेवटच्या पानावरच आहे का?

इथवरच्या तक्रारी पेस्ट न होण्याच्या. त्यांत फार तर दुपार जाते.

झालेलं पेस्ट जास्त महागात पडतं. पूर्वी पाच ओळी पेस्ट केल्या की प्रत्येक ओळीच्या शेवटचा एंटर खराखुरा एंटर ठरायचा. वाचायच्या आत पाचही कमांडा चालून गेलेल्या. त्यावर उपाय निघाला: पेस्ट केलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांना खुणा लावायच्या, म्हणजे हे टाइप केलेलं नाही हे शेलला कळतं आणि ते थांबतं. झी-शेलनं हे २०१५ च्या सुमारास घेतलं. बॅशच्या ५.१ आवृत्तीत, डिसेंबर २०२० मध्ये, ते आपोआप चालू झालं. कधी पेस्ट केलेल्या मजकुराभोवती ‘००’, ‘०१’ असले आकडे आणि नागमोडी रेघ दिसली, तर त्या याच खुणा, रस्ता चुकलेल्या. नवी खिडकी उघडा, जातात.

म्हणजे आता निर्धास्त? कुठलं! एंटर तुमच्याच बोटाखाली आहे.

वेबपानावर दिसणारा मजकूर आणि कॉपी होणारा मजकूर एकच असला पाहिजे, असं बंधन नाही. पान मधल्या मधे न दिसणारा मजकूर घुसवू शकतं. बटण दाबून घेऊन क्लिपबोर्डमध्ये हवं ते भरू शकतं. म्हणूनच क्रोमच्या आणि फायरफॉक्सच्या त्या हत्यारपेटीत काही पेस्ट करायला गेलात, तर आधी परवानगीचे शब्द हातानं टाइप करायला लावतात. ही अडवणूक चांगली आहे. टर्मिनलांनीही असंच जरा अडवावं. विंडोज टर्मिनल एकाहून जास्त ओळी पेस्ट करताना निदान विचारतं तरी.

भामट्यांनी हे सगळं आपल्याआधी ओळखलं. २०२४ पासून एक डाव जोरात आहे, ‘क्लिकफिक्स’ नावाचा. पान उघडतं: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.’ चौकोनावर टिचकी मारली की क्लिपबोर्डमध्ये गुपचूप कमांड भरली जाते. मग सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा (म्हणजे रनची चौकट उघडते), कंट्रोल-व्ही दाबा, एंटर मारा. मॅकवाल्यांना टर्मिनल उघडायला सांगतात. कुलूप फोडायची गरजच नाही, मालक आतून दार उघडतो.

माणूस असल्याचा पुरावा म्हणून कुठलंही खरं पान रनची चौकट किंवा टर्मिनल उघडायला सांगत नाही. बँक नाही, सरकारी पोर्टल नाही, रेल्वेचं तिकीट नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं एक वाक्य सांगून ठेवा, आजच.

रनची ती चौकट अरुंद असते. पेस्ट केलेल्या ओळीचं शेवटचं टोक तेवढं दिसतं, आणि भामटे त्या टोकाला ‘मी रोबो नाही’ अशी निरुपद्रवी टीप लिहून ठेवतात. खरी कमांड डावीकडे सरकलेली असते. होम बटण दाबलं की दिसेल. एंटर अजून मारला नसेल तर एस्केप दाबा आणि ते पान बंद करा. मारला असेल तर आधी इंटरनेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, बँकेला फोन करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा.