सेकंड व्हायोलिन

जुन्या हिंदी गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव असे, संगीतकाराचं असे, गीतकाराचंही असे. मागे रांगेत बसून गज ओढणाऱ्यांपैकी कुणाचंच नसे. त्या रांगेतही पुन्हा उच्चनीच होतंच. फर्स्ट व्हायोलिनवाल्यांना निदान चालीचा तुकडा मिळायचा. आमचा माणूस मागच्या रांगेतला.

हा बहुधा गोव्याचा. लहानपणी चर्चच्या शाळेत मास्तरांनी छडीच्या धाकावर सोल्फेजी, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, घोटून घेतलेली, त्यामुळे समोर कागद आला की वाजवणार, पंख्यानं कागद उडाला की थांबणार. मुंबईत उतरला तो धोबीतलावला, गाववाल्यांच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात. एका पेटीत कपडे, दुसऱ्या पेटीत व्हायोलिन. भाड्याचे वांधे झाले तेव्हा गहाण पडली ती कपड्यांची पेटी.

संगीतकार चाल गुणगुणायचा आणि ती वाद्यांत वाटून द्यायचा अरेंजर. तोही पुष्कळदा गोव्याचाच, शंकर-जयकिशनकडच्या सेबॅस्टियन डिसोझांसारखा. या वाटणीत आमच्या माणसाच्या पदरात पडायचे लांबलचक स्वर आणि त्याहून लांबलचक विश्रांती. विश्रांतीत नुसतं बसून चालत नाही, मोजावं लागतं. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार... तिकडे लताबाई जीव ओतून गातायत आणि हा मनात पाढे म्हणतोय. घरी बायकोनं विचारलं, "गाणं कसं झालं?" तर उत्तर ठरलेलं: "सोळा बार रेस्ट होती."

तेव्हा सगळं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. मागच्या रांगेत एकाचा सूर घसरला की गायिकेपासून ढोलकवाल्यापर्यंत सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चेहरा सदैव गंभीर. महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत तर जास्तच, कारण रेसकोर्स हाकेच्या अंतरावर आणि नोटेशनच्या कागदामागे रेसचं पुस्तक. विरहगीताच्या अंतऱ्याला त्याच्या कपाळावर जी वेदना उमटे, ती पुष्कळदा घोड्याची असे.

डाव्या जबड्याखाली त्याला एक तांबूस-काळा डाग असतो. वर्षानुवर्षं व्हायोलिन दाबून पडलेला. नवा डॉक्टर त्याला नायटा समजून मलम देतो. नवी शेजारीण मलम देत नाही, नुसती त्याच्या बायकोकडे बघून हसते.

या जमातीच्या नशिबी प्रसिद्धी अगदीच नव्हती असं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, यांचं नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात घातलं. अख्ख्या देशाच्या तोंडी ते नाव झालं, आणि अख्ख्या देशाला वाटलं, ते अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचं आहे. आमच्या माणसाला मात्र भरून आलं. चला, एक तरी व्हायोलिनवाला तबकडीवर चढला.

पुढे सिंथेसायझर आला. एक पोरगा दोन हातांत अख्खी रांग घेऊन बसला आणि रांगेनं आपापल्या पेट्या मिटल्या.

आता सोसायटीत कुणाचं लग्न, बारसं निघालं की पोरं गळ घालतात, "अंकल, तुम्ही वाजवलेलं एखादं गाणं होऊन जाऊ दे!" अंकल आढेवेढे घेत नाहीत. गजाला राळ लावतात, सूर जुळवतात आणि एकेकाळी देशभर गाजलेलं गाणं सुरू करतात. एक लांब स्वर. मग त्याच्याच खालचा दुसरा लांब स्वर. मंडळी ओळखायचा प्रयत्न करतात. कुणी नवं म्हणतं, कुणी जुनं, एक आजी चर्चमधलं म्हणतात. मग अंकल गज उचलून डोळे मिटतात आणि थांबतात. संपलं वाटून टाळ्या पडतात, कुणी तर पेढ्यांचं ताट पुढे करतं.

अंकल डोळे न उघडता गजानंच सगळ्यांना गप्प करतात. ओठ हलत असतात. "...बारा दोन तीन चार, तेरा दोन तीन चार..."