आंबा घाटात बॉनेट

मे महिन्यात कोकणातून वर येणाऱ्या गाडीत माणसं किती आहेत हे विचारू नये, फणस किती आहेत ते विचारावं. मामांच्या गाडीची डिकी रत्नागिरीहून निघतानाच दोनदा बसून बंद करावी लागली होती. आत बरका, कापा, हापूसच्या पेट्या आणि आगळाच्या बाटल्या होत्या. पाली, नाणीज, साखरपा इथपर्यंत गाडीने मामांचा मान ठेवला. पुढे आंबा घाट लागला, एसी चालू, गिअर दुसरा, आणि तापमानाचा काटा हळूहळू तांबड्याकडे निघाला.

"काटा खोटं सांगतो," मामा म्हणाले. मामांच्या मते गाडीत खरं सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मामा.

मी कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. त्यात लिहिलं होतं, एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. हे शास्त्राला धरून आहे. हीटर इंजिनातल्या गरम पाण्याचीच उष्णता आत ओढतो, त्यामुळे इंजिनाचा भार तेवढा हलका होतो. फक्त हे लिहिणारा मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, मामींच्या शेजारी बसलेला नसावा. पहिल्याच वळणावर मामी म्हणाल्या, "अहो, थांबवा. इंजिनाचं राहू दे, मी उतू चाललेय."

रुंद जागा बघून डोंगराच्या कडेला गाडी थांबली. चारी दिवे लुकलुकायला लागले, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, मागच्या चाकाखाली धोंडा लावला. घाटात धोंडा शोधावा लागत नाही, आधीच्या गाडीवाल्याने तो रस्त्याच्या मधोमध आपल्यासाठी ठेवलेलाच असतो.

पुढून पांढरा ढग निघत होता. वाफ आहे की धूर, हे बॉनेटला हात लावण्याआधी ठरवायचं असतं. काळा धूर किंवा जळक्या रबराचा, वायरीचा वास आला, तर बॉनेट उघडायचंच नाही. उघडलं की आतल्या आगीला हवा मिळते. अशा वेळी माणसं उतरवून लांब जायचं. मामींनी नाक वर करून निकाल दिला, "गोडसर वास येतोय. आगळाची बाटली फुटली." बाटल्या शाबूत होत्या. कूलंट गळायला लागलं की असाच गोडसर वास येतो, हे मला पुस्तकातून कळलं आणि मामींना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आता बॉनेट. त्याची कळ स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी असते. मामांनी वाकून न बघता पहिली हाताला लागेल ती ओढली. मागे डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. दुसरी ओढली. डिकी उघडली, आणि चढावर तोंड करून उभ्या गाडीतून बरका फणस बाहेर पडून साखरप्याच्या दिशेने परत निघाला. मी त्याच्यामागे धावलो. खालच्या वळणावर एका वडापवाल्याने त्याला पायाने अडवला आणि फणसासकट वर आला. त्याच्या जीपमधली माणसंही आली, कारण बॉनेट उघडणाऱ्या गाडीपाशी न थांबणं आपल्याकडे असभ्य मानतात.

तिसऱ्या कळीला 'खट्' झालं. बॉनेट बोटभर उचललं आणि तिथंच अडकलं. मामा जोर लावू लागले. "जाम झालंय," वडापवाला म्हणाला. जाम नव्हतं. आत मधोमध एक दुसरा आकडा असतो, तो बोटाने सरकवावा लागतो. पहिली कळ चालू गाडीत चुकून सुटली, तर बॉनेट उडून काचेवर आदळू नये म्हणून ही सोय केलेली असते. एवढ्यात एक मोटरसायकलवाला न थांबताच "हेडगॅस्केट गेलं!" असं निदान सांगून वळणाआड गेला. फी मागितली नाही.

आकडा सुटला. बॉनेटखालची काठी मामांनी उघड्या हाताने धरली आणि तितक्याच तत्परतेने सोडली. ती तापलेली असते. फडकं घेऊन धरायची आणि तिच्यासाठी असलेल्या भोकातच नीट बसवायची, नाहीतर घाटातल्या वाऱ्याचा झोत येतो आणि बॉनेट डोक्यात. काठी बसली. मामांनी मामींचा टॉवेल घेतला आणि रेडिएटरच्या टोपणाकडे मोर्चा वळवला.

"पावणं! थांबा की जरा!"

मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर सावकाश चालत येत होता. "कुकर उतरवल्या उतरवल्या झाकण काढतासा काय?"

टोपणाखालचं पाणी दाबात असतं, म्हणून ते शंभर अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासपर्यंत दम धरतं. टोपण सैल केलं की सगळा दम एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. ड्रायव्हरने मामांना हाताला धरून दोन पावलं मागे आणलं. मामींना म्हणाला, "ताई, पदर आवरा. किल्ली खिशात असली तरी पंखा फिरतोय कधीकधी." त्याचं वाक्य संपायला आणि पंखा घरघरायला एक गाठ पडली. गर्दीने त्याला त्या क्षणापासून गुरू मानलं.

गुरूने पुढे काय केलं? काही नाही. कठड्यावर बसला आणि आमच्या पेटीतला आंबा चोखू लागला. अर्धा तास. सगळ्यांना हे फार जड गेलं. कोणी म्हणालं पाणी ओता, कोणी म्हणालं बर्फ आणा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जातो, म्हणून गुरूने बाटलीवाल्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात एका माकडाने उघड्या डिकीतून चार आंबे नेले. सल्ला न देता गेलेला जमावातला तो एकटाच.

इंजिन निवल्यावर ड्रायव्हरने टॉवेलची घडी टोपणावर ठेवली, तोंड बाजूला केलं, पाव वेढा फिरवला. फुस्स झालं. ते पुरतं संपेपर्यंत थांबला, मग टोपण काढून थोडं थोडं पाणी घातलं. "मलकापुरात मेस्त्रीला दाखवा, गळतंय कुठंतरी," म्हणाला आणि दुसरा आंबा घेऊन गेला.

बॉनेट लावतानाही मामा दोन्ही तळहात टेकून दाबायला निघाले होते. पत्र्याला पोचे पडतात. काठी खाली बसवून, वीतभर उंचीवरून सोडून दिलं की ते आपल्या वजनाने बसतं. मी सोडलं, उचलून बघितलं, पक्कं बसलं होतं. धोंडा उचलून कडेला टाकला. सगळे आत बसलो, गाडी सुरू होणार इतक्यात मामी म्हणाल्या, "माझा टॉवेल कुठाय?"

सगळ्यांनी बॉनेटकडे बघितलं. मामांचा हात स्टिअरिंगखाली गेला, आणि मी दार उघडून डिकी धरायला धावलो.